अस्तरावर आलेला आळ

"काका, बाहेरच्या पाटीवर एक भाव आणि हातात दुसराच, असं कसं?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी आमच्या ताईशी लावली होती. मित्रांनो, ताईने तो विचारला म्हणूनच मी आज शाबूत आहे! मी तिच्या बाबांचं जुनं चामड्याचं पाकीट.

बाबा आई-ताईला घेऊन परदेशी निघाले तेव्हा आत्याने मला कौतुकाने त्यांच्या खिशात सारलं. इथे आल्यापासून माझ्या दोन कप्प्यांत दोन देश नांदतात. बाबांचा पगार आपल्याकडच्या नोटांत येई आणि दर महिन्याला त्या बदलाव्या लागत. रस्त्यावर नोटा बदलणारी दोन दुकानं. एकात काचेमागची बाई, कधी हसायची म्हणून नाही. दुसऱ्यातले काका मात्र चक्क आपल्या भाषेत "या या, जेवलात का?" म्हणायचे. झालं, बाबा विरघळायचे! आपल्या माणसासमोर नोटा काय मोजायच्या, असं त्यांना वाटे.

घरी मात्र महिनाअखेरीस ओढाताण. आईचा संशय बाबांवर. "खरं सांगा, कुठे उडवता?" बाबांचा संशय माझ्यावर, कारण माझं अस्तर उसवलेलं. त्यांनी मला उलटं करून झटकलं, आत बोट घालून चाचपलं. "यातूनच पडत असणार. फेकूनच देतो हे!" आणि माझा संशय? खिशातल्या किल्ल्यांच्या जुडग्यावर. काय करणार, अंधारात दुसरं होतंच कोण!

ताईच्या मैत्रिणींच्या घरचेही काकांकडेच नोटा बदलायचे, म्हणून तर ती पैज. या वेळी ताई सोबत आली आणि तिने तो प्रश्न विचारला.

काका गोड हसले. "अगं, आपल्या माणसांत कसला भाव काढतेस?" त्यांनी चॉकलेट पुढे केलं.

ताईने हातही लावला नाही. "मग आपल्या माणसांना जास्त मिळायला हवं ना? कमी कसं?"

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी आपल्या नोटा परत उचलल्या आणि काचेमागच्या बाईकडे गेले. ती आजही हसली नाही, पण पाटीवरच्या भावाने पैसे दिले, वर पावतीही दिली. कितीतरी महिन्यांनी माझं पोट टम्म फुगलं!

घरी आईने सगळं ऐकलं. मग सुई-दोरा घेऊन माझं अस्तर शिवू लागली. बाबांची माफी मागायची तिची ही पद्धत.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा एखादा टाका उसवला, म्हणून ती चोर ठरत नाही. शिवा तिला, आणि संशय घ्यायचाच तर जरा बाहेरही डोकावून बघा.

शेवटचा टाका पडला, तशी ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका! पुढच्या महिन्यापासून नोटा मी बदलणार. बाबा, तुम्ही फक्त शेजारी उभं राहायचं. आणि घरून जेवून निघायचं!"