आजी गेल्या

मायरेने कानातले इअरफोन काढले तेव्हा घर चिडीचूप होतं. आजींची खुर्ची रिकामी. बाहेरचं दार सताड उघडं. चपला मात्र दाराशी जागच्या जागी.



एस्टोनियातून चोंगछिंगला चिनी शिकायला आलेल्या या पोरीला खोली स्वस्तात मिळाली होती ती एकाच अटीवर. आजींची मुलगी सूमेई नोकरीसाठी गाडीनं दीड-दोन तासांवरच्या छंगतूला राहायची. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दुपारी कामवाली जाते. तेव्हा दाराला आतून कडी. आईला काही आठवत नाही, मलाही ओळखेलच असं नाही. एकदा बाहेर पडली तर या जिन्यांच्या गावात ती सापडायची नाही." आणि आज मायरे सकाळभर नदीकाठी उंडारून आली, उद्याच्या परीक्षेच्या धास्तीनं थेट पुस्तकात डोकं घालून बसली, अन् कडी राहिली. बरं, डोंगरावर वसलेल्या चोंगछिंगचे जिने म्हणजे काही चार पायऱ्या नव्हेत. एक चुकला की माणूस भलत्याच मोहल्ल्यात, आणि सगळ्यात खाली नदी.

तिने गच्ची पाहिली, बोळ पाहिला, मोरीतसुद्धा डोकावून पाहिलं. मग सूमेईला फोन लावला. वर्षभर घोकलेलं चिनी ऐन वेळी पार पळालं. तोंडात उरलं पहिल्या धड्यातलं एक क्रियापद.

"सूमेईताई... आजी गेल्या."

 पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "कधी?"

"आत्ता, दुपारी. मी अभ्यास करत होते. मला कळलंच नाही हो!"

"जवळ कोणीच नव्हतं?"

"नाही. एकट्याच गेल्या. चूक माझी आहे, ताई."

"तुझी कसली चूक, बाळा. काही म्हणाली का जाताना?"

"काहीच नाही. चपलासुद्धा घातल्या नाहीत."

यावर सूमेईला हुंदका फुटला. "मी मिळेल त्या गाडीनं निघते," ती कशीबशी म्हणाली. "खालच्या फू काकांना कळवते, ते सगळं बघतील. तू घाबरू नकोस."

काय देवमाणूस आहे, मायरेला वाटलं. आई हरवली हिची आणि धीर देतेय मला! त्या क्रियापदाचे पुस्तकात तीन अर्थ दिले होते: चालणे, निघणे, निघून जाणे. चौथा द्यायला पुस्तकवाल्यांच्या जिवावर आलं होतं.

दार ओढून घेऊन ती मागच्या जिन्यानं पळत सुटली. फोन टेबलावरच राहिला. धुकं इतकं की दहा पायऱ्यांपुढचं दिसत नव्हतं. संत्री विकणाऱ्या बाईला तिने धापा टाकत विचारलं, "आजी पाहिल्या? पायात नुसते मोजे?"

"गावात म्हाताऱ्यांचा काय तोटा आहे, गोरटे? एक गेली मघाशी खाली. हाक मारली तर मलाच म्हणते, कामाला लाग."

खाली म्हणजे नदी. मायरे दोन-दोन पायऱ्या उतरत सुटली. प्रत्येक वळणावर तिला पाण्यावर तरंगणारा आजींचा राखाडी स्वेटर दिसत होता. सूमेईला काय तोंड दाखवू, हेच डोक्यात घण घालत होतं. रडायलाही सवड नव्हती.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर आजी उभ्या होत्या. मोजे भिजलेले, पाणी बोटांना लागलेलं. ओरडावं तर दचकून पुढे पडतील, धावावं तर शेवाळावरून आपणच घसरू. मायरे बसल्या बसल्या एकेक पायरी उतरली आणि पुटपुटली, "आजी, जाऊ नका. जाऊ नका हं."

"मी कुठं जातेय?" आजी वळून म्हणाल्या. "माझं सगळं इथंच आहे."

मायरेने त्यांना असं घट्ट मिठीत घेतलं की त्याच कावल्या. "सोड, मेले! जीव घेशील!"

परत चढायला संध्याकाळ झाली. इमारतीखाली निळ्या कापडाचा मांडव पडला होता. बांबूच्या घोडीवर, मयताला ठेवतात तशी, कागदी फुलांची दोन मोठी चक्रं उभी होती आणि पांढऱ्या फितीवर नाव लिहिलं होतं. वर्षभरात एवढी अक्षरं तिला वाचता येत होती. नाव आजींचं होतं.

तेव्हा कुठे तिला चौथा अर्थ कळला.  हे आपण केलं? दोन शब्दांनी?

नूडल्सच्या दुकानातून फू काका बाहेर आले आणि त्यांच्या हातातला वाडगा खळ्ळकन फुटला. "अरे देवा! ही तर... दार बंद होतं, मला वाटलं दवाखान्यात नेलं असेल! पोरी, काय करून ठेवलंस हे!"

मांडवात खुर्चीवर सूमेई बसली होती, डोळे सुजलेले, दंडाला सुतकाची काळी पट्टी. तिने वर पाहिलं. उठायला गेली आणि खुर्चीवरून घसरली. ती जमिनीवरच बसली आणि लहान पोरासारखी भोकाड पसरून रडायला लागली.

"मला माफ करा, ताई," मायरे म्हणत राहिली. कोणी ऐकत नव्हतं.

आजी मायरेचा हात सोडून पुढे गेल्या. सूमेईजवळ ओणव्या झाल्या. तिच्या दंडावरची पट्टी त्यांनी बोटानं चाचपली.

"कोण गेलं गं तुझं?"

सूमेईने त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले, आणि एकच शब्द निघाला.

"आई!"

"अरेरे. आई गेली होय." आजी तिच्या शेजारी फतकल मारून बसल्या आणि तिचं डोकं त्यांनी छातीशी धरलं. "रड, बाळा, मनसोक्त रड. आमची सूमेई शाळेतून येईस्तोवर मी आहे तुझ्याजवळ."