जाळ्याला आमच्या घरचं कोण

घरटी एक माणूस जाळ्याला, नाहीतर वाटा नाही. आमच्या तलावाचा हा नियम माझ्या आज्याच्याही आधीचा. मृगाच्या तोंडावर पाणी उतरलं की वर्षातली जाळ्याची मोठी ओढ होते, आणि त्या एका दिवसाच्या मासळीवर आम्हा ढिवरांची घरं पावसाळा काढतात. यंदा बाबा पाय मोडून खाटेवर. उरला निकेश, माझा सोळा वर्षांचा भाऊ. आणि नेमकं त्याच दिवशी गडचिरोलीला आयटीआयत त्याचं फिटरचं प्रॅक्टिकल. देवाला दुसरा दिवस सापडला नाही!

"पुढच्या साली देईन पेपर," असं म्हणणारे आमच्या गावचे पोट्टे आज तेलंगणात मिरची तोडतात. दुसऱ्यांचं कशाला? बाबांनी दोघांना शिकवणं झेपत नाही म्हटलं, तेव्हा दहावीनंतर मीच घरी बसले, एका वर्षासाठी म्हणून. आता मी सतरा संपवत आले, ते वर्ष काही संपलेलं नाही.

सकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, निकेश आयटीआयचा शर्ट काढायला लागला, तशी मी त्याचा हात धरला.

"शर्ट घाल. एसटी येते."

"मंग जाळ्याले कोण, ताई?"

"मी."

पाळीवर जमलेले सगळे माझ्याकडे वळले. आमच्या बाया मासे विकतात, वाळवतात, गिऱ्हाइकाशी भावावरून भांडतात, पण मोठ्या जाळ्याची दोरी धरत नाहीत. तलावाच्या संस्थेचे म्होरके इस्तारीभाऊ पुढे आले.

"काऊन वो साधना, आजच तमाशा करून राह्यली? बाई जाळ्याले लागली तं मासोळी निघत नाई."

"अन् तेच मासोळी बाईनं बाजारात विकली तं चालते?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. इस्तारीभाऊ हसले नाहीत.

"धर दोरी. पण तुह्यापायी जाळं फाटलं, तं तुमचा वाटा गेला. कबूल?"

"कबूल."

आई टोपली घेऊन पाळीवरच उभी होती. ढिवराच्या घरची असून ती पाण्याला भिते. तिचा भाऊ माहेरच्या तलावात बुडून गेला, तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी तिनं अंगाला लागू दिलेलं नाही. ती माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नाही. मला तिचा फार राग आला.

निकेशला मी फाट्याकडे पिटाळलं. पाळीच्या पलीकडेच फाटा, तिथून तलाव दिसतो. आम्ही ओढायला लागलो. तळहात सोलले, तरी मी हूं की चूं केलं नाही. अर्ध्यावर आलो आणि जाळं जागच्या जागी थांबलं.

"ठुठाले अडलं! ओढू नका, फाटते! निकेशले बलवा!" इस्तारीभाऊ ओरडले.

बुडी मारण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नाही. त्यानं ते ऐकलं, आणि गाढव परत फिरून धावतच सुटलं. मागे एसटीचा हॉर्न वाजला.

मी छाती भरून श्वास घेतला आणि बुडी मारली. शिंगाडे काढताना बुडालेल्या झाडाचं ते ठूठ माझ्या पायाला कितीदा लागलेलं. खाली नुसता गढूळ अंधार. हात चाचपत गेले. जाळं फांदीला पीळ घालून बसलं होतं. हिसका दिला असता तर सगळंच गेलं असतं. एकेक पीळ सोडवत राहिले. कान दुखायला लागले. मामाची आठवण झाली आणि मी खरंच घाबरले. मग राग आला, की मी इथे मेले तर हा पोट्टा पेपरही बुडवणार. शेवटचा पीळ सुटला.

वर आले तर निकेश कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून रडत होता.

"जा ना रे!"

"एसटी गेली, ताई."

इस्तारीभाऊंनी जाळं पाहिलं, मला पाहिलं, आणि आपल्या मुलावर खेकसले. "मिथुन, गाडी काढ! या ओल्या गाढवाले नेऊन घाल तिथी. गेट बंद झालं तं तुले सोडत नाई मी!"

मासळीचे ढीग लागत होते तेव्हा मिथुनचा फोन आला. निकेश आत बसला होता. मी तिथेच चिखलात बसले आणि पोटभर रडले.

इस्तारीभाऊंनी आमचा ढीग माझ्यापुढे सरकवला. वर एक मोठी मरळही टाकली. "पोरगी ओढते चांगली. निकेशले शिकू द्या. आता दरसाल तुमच्या घरून हेच येईल जाळ्याले."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कौतुकच होतं ते. पण निकेश सुटला होता आणि मी अडकले होते, आणि हे बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं, कारण दोरी मीच मागून घेतली होती.

आईनं टोपली खाली ठेवली. लुगडं खोचलं आणि ती पाण्यात उतरली. गुडघे बुडाले, मग कंबर बुडाली. ती लटलट कापत होती. तशीच वळली आणि म्हणाली,

"इस्तारीभाऊ, पुढच्या साली जाळ्याले मी येतो. साधनाले अकरावीत घालाचं आहे."