दोन हजारांवर अडलेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना नंबर शिक्का आहे. अंगाने लोखंडी आणि स्वभावाने जरा ताठ. ताठ का नसावे? माझी मूठ दाबली की कागदावर आकडा उमटतो आणि पोटातली चाके आपोआप पुढच्या आकड्यावर सरकतात. कारखान्यात मला हजार वेळा दाबून पाहिले, मी एकदाही चुकलो नाही.

माझी नेमणूक परदेशातून आलेल्या लोकांना राहण्याचे परवाने देणाऱ्या कचेरीत झाली. सरकारचे धोरण होते, वर्षाला फक्त दोन हजार माणसे. माझा आकडा तिथे पोचला की खिडकी बंद. माझ्यावर इतका भरवसा की परवाने वेगळे कोणी मोजतच नसे. साहेब पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत आणि मी फुगून जाई.

एका वर्षी मी दोन हजार गाठले आणि एका बेकरी कारागिराच्या तोंडावर खिडकी बंद झाली. सहा वर्षे एकटा राबून तो बायको-मुलीला आणू पाहत होता. नव्या वर्षापासून नियम बदलून कारागिरांना कुटुंब आणताच येणार नव्हते. तो भांडला नाही. "मुलगी मला फक्त फोनवरच ओळखते, बाई," एवढेच म्हणाला.

खिडकीवरच्या कारकूनबाईंच्या ते जिवाला लागले. त्यांनी हट्टाने सगळे परवाने मोजले. भरले सतराशे अठ्ठ्याऐंशी. बाई चक्रावल्या. दुसऱ्या दिवशी शाई नीट उतरते का पाहायला त्यांनी मला रोजच्यासारखे रद्दी कागदावर दाबले आणि रद्दीवरही माझा आकडा एकने पुढे सरकतो हे त्यांच्या ध्यानात आले. दोनशे बारा सकाळी दोनशे बारा माणसांच्या जागा आम्ही रद्दीत घातल्या होत्या.

झाकून ठेवता आले असते. पण बाई तडक साहेबांकडे गेल्या. मर्यादा संपल्याचे जाहीर झाले आहे, असे म्हणत साहेब कचरले.

"चूक माझी आहे, साहेब. धोरण दोन हजार माणसांचं आहे ना? मग तेवढी माणसं येऊ द्या."

खिडकी उघडली. परत पाठवलेल्यांना पत्रे गेली.

आता कचेरीत संगणक आहे आणि मी कपाटात. मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पण आमच्यावर सगळे सोपवून मोकळे होऊ नका. आम्हाला आकडा कळतो, माणूस तुम्हालाच ओळखावा लागतो.

त्या मुलीच्या परवान्यावर मला दाबताना बाईंनी शाई तपासली नाही. आकडा फिकट उतरला. माझा सगळ्यात फिकट आकडा तोच, आणि अभिमान मला त्याचाच आहे.