अर्धा घाट

मी सायकलच्या सीटमागे बांधलेली एक पिशवी बोलतेय. पोटाला भोक पडलंय. आवाज दमलेला वाटला तर समजून घ्या, दिवसभर घाट चढून आलेय.

जन्मानं मी ताडपत्री. माझं तारुण्य एका ट्रकवर गेलं. ऊन-पाऊस सगळं अंगावर घेतलं, पण तेव्हा मी ओझ्याच्या वर असायची. म्हातारपणी बारक्यानं मला ओझ्याखाली आणलं. बारक्या गाड्यांची सीट-कव्हरं शिवतो. भंगारात निघालेल्या माझ्या अंगाचा धड भाग कापून त्यानं दुहेरी शिवणीच्या दोन पिशव्या केल्या. मी त्याच्या सायकलला आणि माझी जुळी बहीण त्याच्या ताईच्या सायकलला.

ताई लाँड्रीत इस्त्री करते. उभं राहून राहून तिचा गुडघा गेला, गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. तेव्हापासून घरात जो तो म्हणतो, "आता बस बाई स्वस्थ." डॉक्टरांनी सायकलला हो म्हटलंय, पण घरच्यांचं शिक्षण डॉक्टरांपेक्षा जास्त! म्हणून दोघं या सायकल-सहलीला निघतानाच ताईनं सांगून टाकलं, "माझं सामान घेऊन मोठा घाट चढले तर ठीक. नाहीतर सायकल विकते आणि बसते, तुम्ही म्हणता तशी."

तो घाट आज होता.

सकाळी ताई ओढ्यावर तोंड धुवायला गेली. बारक्यानं मागं वळून पाहिलं आणि माझ्या बहिणीच्या पोटातून स्टोव्ह, पातेलं, तंबूच्या काठ्या काढून माझ्यात कोंबल्या. ती चपटी दिसू नये म्हणून तिच्यात स्वतःचा स्वेटर फुगवून भरला. माणसं माया करतानासुद्धा चोरासारखी का वागतात, मला कळत नाही. मला तर कुणी विचारलंच नाही. पिशवीला कोण विचारतं?

घाट लागला. एक वळण संपलं की दुसरं हजर.

"काय रे बारक्या, हा रस्ता संपतो की नुसता वळतो?"

"तो वळतो. संपतो आपण."

ताई हसली. हसायला दम उरला होता तिच्यात. मधे थांबून तिनं आईला फोन लावला. "जमतंय गं! सगळ्या सामानासकट जमतंय!" बारक्या तेवढा वेळ खाली मान घालून चेनला तेल घालत बसला. चेनला तेलाची काही गरज नव्हती.

पुढे माझी पट्टी सैल पडली. ओझ्यानं मी खाली लोंबले आणि मागचं टायर माझ्या पोटाला घासायला लागलं. बारक्याच्या कानात धापेशिवाय काही शिरत नव्हतं. घासून घासून शेवटी मी फाटले, आणि पातेलं खणखणत उतारावरून निघालं. मागून ताई येत होती. तिनं पायानं ते अडवलं.

"हे माझं पातेलं."

बारक्या माझं फाटलेलं पोट हातानं झाकू लागला.

तिनं माझ्या बहिणीचं तोंड उघडलं आणि स्वेटर ओढून काढला. "आणि हा कुणाचा? याच्या एका बाहीत मी मावेन."

"ताई, तुझा गुडघा…"

"माझाच आहे ना? मग तो दुखला की आधी मी ओरडेन. तू कशाला आधीच विव्हळतोस?" मग तिनं स्वेटर त्याच्या हातात कोंबला. "आईला सांगितलं रे मी, जमतंय म्हणून. खोटं पाडलंस मला."

खालच्या वळणांकडे ती बराच वेळ बघत राहिली. परत उतरून पुन्हा चढते की काय, अशी मला धास्ती वाटली. पण पायांत तेवढं त्राण नव्हतं. तिनं आपली एकेक वस्तू माझ्यातून काढून बहिणीत भरली. "अर्धा घाट तरी माझा असू दे," म्हणाली आणि निघाली.

थोडं चालवलं, थोडं ढकललं, वळणावळणाला थांबली. बारक्याचा हात दोनदा तिच्या सीटकडे गेला आणि दोन्ही वेळा मागे आला. तो हात आवरणं त्याला चढणीपेक्षा जड जात होतं. मला जवळून दिसत होतं ना.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. ताई रस्त्याच्या कडेला बसली आणि सुजलेला गुडघा चोळू लागली. बारक्या दाभण-दोरा घेऊन मला ठिगळ लावू लागला.

"उद्या काठ्या तू घे," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. "नक्की?"

"मी सांगतेय ना. सांगितल्यावर घ्यायचं."

बारक्यानं दोनचार टाके घातले. मग भीत भीत विचारलं, "आणि सायकल? विकणार?"

"विकून कसं चालेल? खालचा अर्धा राहिलाय की अजून."

एवढं बोलून ती गवतावर आडवी झाली.

हे सांगेपर्यंत माझं पोट शिवून झालंय. माझं एकच मागणं आहे. माझ्यात काय हवं ते भरा, वाहीन मी, पण ज्याचं आहे त्याला विचारून भरा. आणि ते उद्या. आज मला अशीच रिकामी पडू द्या.