मागून आणलेली गोधडी

"मागून आणलेल्या तुकड्याले कात्री दाखवायची नाही वं, सत्ये. ज्या घरून जेवढा आला तेवढाच लावायचा. मोठा असन तं मोठा, चिंधी असन तं चिंधी. दिलेलं कापलं का देणारीचा आशीर्वाद अर्धा होते."

सासूचा, बायजाबाईंचा हा आवाज सत्यवतीच्या कानात अजून तसाच होता, घरातून मात्र तो गेला होता. माघात त्यांना लकवा आला, उजवं अंग पडलं आणि बोलण्यातला एकच शब्द तेवढा मागे राहिला: हाव. चहा देऊ का, हाव. पाठ दुखते का, हाव. खिडकी लावू का उघडी ठेवू, तरी हाव. तांडापेठेतल्या बाया भेटायला येत, दोन-चार गोष्टी विचारत आणि त्या एका शब्दाची गाठ पदराला बांधून परत जात.

लकव्याच्या आधी बायजाबाईंनी एक काम अर्धं करून ठेवलं होतं. त्यांची लेक पंचफुला, खाप्याला दिलेली, दोनदा बाळंतपणाला माहेरी आली आणि दोन्हीदा रिकाम्या ओटीनं परत गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा बायजाबाईंनी पदर पसरला. ज्या घरी लेकरं जगली-वाढली, त्या घरच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागून आणायचा आणि त्यांची गोधडी करायची. असं लेकरू चार घरचं होतं, मग त्याला कोणाची नजर लागत नाही. दारात उभं राहून मोठ्यानं मागावं लागतं, "लेकराले पांघरूण द्या वं माय." हळू आवाजात मागितलेलं चालत नाही. देणारीच्या घरातल्या देवांनीही ते ऐकलं पाहिजे, असं बायजाबाई सांगत.

तुकडे जमले आणि मागणारीच खाटेला खिळली. पंचफुला आईला पाहायला आली, रडली, आणि परत जाताना मोटार स्टँडवर सत्यवतीचा हात धरून म्हणाली, "आता गोधडीचं कसं, वहिनी?"

"माझ्याकडे," सत्यवती म्हणाली. ती फार बोलत नसे, आणि बोललेलं मोडत नसे.

शिवण्याचं तिला भय नव्हतं. धावदोरा तिचा असा यायचा की ओळीवरून मुंगी न अडखळता गेली असती. अडत होती मांडणी. कोणता टोपपदराचा, कोणता चिटाचा, कोणता हातभर, कोणता तळव्याएवढा. बायजाबाई ते सगळे जमिनीवर टाकायच्या, दोनदा सरकवायच्या, आणि गोधडी आपोआप जुळून यायची. सत्यवती रोज दुपारी मांडून बसे. एका कोपऱ्यात भोक राही. ते बुजवलं की दुसरीकडे शेपूट निघे. खाटेवरून बायजाबाई टक लावून पाहत.

"इथे लावू का आत्याबाई?"

"हाव."

"का तिथे?"

"हाव."

नवरा बाबाराव मिलमधून यायचा, त्याला पसाऱ्यातून पाय टाकायला जागा नसायची. "बजारात मखमली दुपटं भेटते," तो म्हणायचा. "हे काय घरात चिंध्याचं दुकान मांडून राहिली तू?"

मग धाकटा दीर मुकुंद मधे पडला. मुकुंद धरमपेठेत कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचा आणि तिकडेच खोली करून राहायचा. महिन्यातून एखाद वेळ घरी यायचा आणि महिनाभराचं बोलून जायचा. पसारा पाहून त्याचे डोळे चमकले.

"वहिनी, हे तर माह्या मशीनचं काम आहे. तुम्ही या एक दिवस."

ती गेली. क्लासच्या खोलीबाहेर चपलांची रांग पाहून तिला बरं वाटलं, जिथे चपला बाहेर राहतात तिथे वाईट काही होत नाही. आत माघाएवढी थंडी होती. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटत होती.

"हे पहा," मुकुंद म्हणाला. "गर्द रंगाले फुली, हलक्याले टिंब, फुलाच्या कापडाले गोल. आपण फक्त पाव गोधडी भरायची. बाकीची तीन पाव मशीन स्वतःच भरते, आरशासारखी. गर्द रंग कडेले ठेवायचे म्हणजे मधातला उजेड दिसते. आवडलं नाही तं बदलायचं. बदललेलंही आवडलं नाही, तर पहिलं फ्लॉपीवर ठेवलेलं असते, ते परत बोलवायचं. शंभरदा बदला. कागद-कापड काही खराब होत नाही."

त्यानं एक कळ दाबली. काचेवर मांडलेलं टिंबांचं फूल मोडलं. आणखी काही दाबलं, मोडलेलं फूल होतं तसं परत आलं. सत्यवतीनं नकळत हात जोडले. तसं झालं असतं तर किती गोष्टी परत बोलवता आल्या असत्या, तिच्या मनात आलं.

"तुकडे लहान-मोठे आहेत, भाऊजी," ती म्हणाली. पण त्या गारव्याच्या यंत्राची घरघर मोठी होती, आणि तिचा आवाज देवघरातला.

"मापाचं मंग पाहू," अर्धवट ऐकून मुकुंद म्हणाला.

छापण्याचं यंत्र करकर करत सरकलं आणि दोन्ही कडांना भोकं असलेला लांब कागद बाहेर आला. मधोमध कमळ, भोवती फुल्यांची दाट कड. सुंदर होतं. हे सत्यवती पुढेही कधी नाकारू शकली नाही. तिनं तो कागद घडी न घालता गुंडाळून घरी आणला आणि बायजाबाईंना दाखवला. त्यांनी डाव्या हाताचं बोट कमळावरून फिरवलं.

श्रावण लागला. सत्यवतीचे नेम वर्षभर असत, श्रावणात त्यांत भर पडे. सोमवारी मौन. सकाळी पिंडीवर पाणी घातल्यापासून तिन्हीसांजेचा दिवा लागेपर्यंत शब्द काढायचा नाही. लग्नाआधीपासून एकही सोमवार मोडलेला नव्हता.

त्या सोमवारी दुपारी मुकुंद आला. हातात कागद, खिशात टेप.

"माय, तुकडे घेऊन चाललो वं," तो खाटेकडे पाहून म्हणाला.

"हाव."

"मायचं तं हावच असते." तो हसला आणि गाठोडं सोडून बसला. एकेक तुकडा टेपनं मोजू लागला. "अबब, हे तर सगळे आडवेतिडवे आहेत. मशीनले चौकोन लागतात, वहिनी, एका मापाचे. गोलीबार चौकात धोंडबा शिंप्याकडे नेतो, तो मोठ्या कात्रीनं एका दमात करून देईन. कापायले काही हरकत नाही ना?"

सत्यवती चुलीपाशी होती. तिनं मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नाही, नाही, कापायचे नाहीत. डोळेही मोठे केले.

"बस्स," मुकुंद म्हणाला आणि गाठोडं बांधू लागला.

तिनं पळी ठेवली, उठली, दारापर्यंत आली. शब्द दातांपाशी आला होता. तिला वाटलं, आज मापं घेईल, उद्या शिंप्याकडे नेईल. दिवा लागला की सांगू. तिनं हात पुढे केला. त्याला वाटलं वहिनी पिशवी देते आहे. दाराच्या खुंटीवरची पिशवी त्यानं स्वतःच काढून घेतली.

"राहू द्या, घेतली मी," म्हणत तो सायकलवर बसला.

दिवा लागला. तिनं हात जोडले आणि दिवसभर घोळवलेलं वाक्य ओठांवर घेतलं. त्याच वेळी सायकलची घंटी वाजली. मुकुंदनं गाठोडं सोडून बायजाबाईंच्या पायाशी ठेवलं. तळहाताएवढे चौकोन, एकावर एक, बर्फीसारखे.

"पहा. कड कशी ताशीव आली."

सत्यवती खाली बसली. "भाऊजी, हे कापायचे नव्हते."

"म्हणजे?"

"मागून आणलेले आहेत. त्याला कात्री चालत नाही."

"मी विचारलं तं तुम्हाले. हरकत नाही ना, म्हटलं. तुम्ही मान हलवली, नाही म्हणून."

"मी नाहीच म्हटलं होतं."

आपण विचारलेला प्रश्न मुकुंदनं मनात एकदा सुलटा म्हणून पाहिला, एकदा उलटा. मग तो भिंतीला टेकला.

"पण तोंडानं काहून नाही बोलल्या?"

"माझा सोमवार होता."

"लिहून द्यायचं. टाळी वाजवायची. काहीतरी करायचं, वहिनी." त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मले तरी या घरात कोणी कवा काय सांगितलं? शिवणाच्या गोष्टी निघाल्या का, पोट्टे बाहेर जा रे."

"कतरण कुठे आहे?"

"धोंडबानं उशीत भरली. गिऱ्हाईक उभंच होतं."

खाटेवर बायजाबाईंचा डावा हात चौकोनांत काही शोधत होता. शेजारच्या भीमाबाईंच्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा त्यांना हवा होता. भीमाबाईंनी ते छप्पन साली दीक्षाभूमीवर नेसलं होतं, पुढे ट्रंकेत जपलं होतं, आणि त्याच्या पदराचा तुकडा स्वतःच्या हातानं फाडून दिला होता. हातभर होता तो. आता पांढरे चौकोन वेगवेगळे झाले होते. बायजाबाईंनी एक शोधला, मांडीवर ठेवला. दुसरा शोधला, त्याला लावून पाहिला. मधला धागा गेला होता, कडा जुळेनात. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "हाव. हाव." आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

सत्यवतीनं दुसऱ्या दिवशी सुई घेतली. चौकोन कागदावरच्यासारखे बसले, कुठे भोक नाही, कुठे शेपूट नाही. एक ओळ घातली आणि उसवली. पुन्हा घातली, पुन्हा उसवली.

"कोणाले दिसून राहिलं ते?" बाबाराव म्हणाला. "पंचफुलाले सांगायचंच नाही. गोधडी तं गोधडी."

"मला दिसतं," ती म्हणाली आणि सुई दोऱ्याच्या गुंड्यात खोचून ठेवली.

नळावर भीमाबाई भेटल्या. "झाली का वं गोधडी? माह्या लुगड्याचा तुकडा मधात लावजो, सत्यवती. धुऊन धुऊन मऊ झाला आहे. लेकराच्या गालाले लागन."

सत्यवतीनं कळशी भरण्याआधीच उचलली.

रविवारी मुकुंद आला, या वेळी सायकल हातानं ढकलत. नवा कागद आणला होता. त्यावर कमळ नव्हतं, लहान-मोठे आडवेतिडवे चौकटे होते, एकमेकांत बसवलेले, बायजाबाईंच्या जुन्या गोधडीसारखे.

"मशीन करते, वहिनी. मीच त्याले तसं विचारलं नव्हतं. प्रत्येक तुकड्याची लांबी-रुंदी सांगायची, मग मी काचेवर सरकवत बसतो, बसेपर्यंत. कापायचं कामच नाही." त्यानं कागद खाली ठेवला. "पण आता तुकडे..."

कागदावर होतं तसं परत बोलवता येत होतं. गाठोड्यात तसं काही नव्हतं. पुन्हा मागायचं म्हणजे पुन्हा त्याच दारांत जायचं, दिलेल्याचं काय झालं ते सांगायचं, आणि मोठ्यानं मागायचं. सत्यवतीनं जन्मात कोणाकडे विरजणसुद्धा मागितलं नव्हतं. एक दिवस दही न लावता काढला होता.

सोमवार उजाडला. पिंडीवर पाणी घालून ती उठत होती तोच खाप्याचा नत्थूजी विणकर दारात आला. माल घेऊन इतवारीच्या बाजाराला निघाला होता, वाटेत निरोप द्यायला थांबला.

"पंचफुलाले दवाखान्यात नेलं काल. डॉक्टरीण म्हणते, आज नाही तं उद्या. तिनं सांगितलं, वहिनीले म्हणा, गोधडी आल्याबिगर मी लेकराले खाली टेकवत नाही, हातातच धरून बसतो." तो थोडा हसला. "संध्याकाळी माही परतीची मोटार आहे. झाली असन तं घेऊन जातो."

सत्यवतीनं त्याला हातानंच बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. तो पाणी प्याला आणि उत्तराची वाट पाहू लागला. आतून बाबाराव म्हणाला, "तिचा सोमवार आहे गा. ती बोलत नाही आज." नत्थूजीनं मान डोलावली आणि संध्याकाळी येतो म्हणून गेला.

ती देवापुढे येऊन बसली. फार वेळ नाही, उदबत्ती अर्धी जळेपर्यंत. देवाकडून हो आलं नाही, नाही आलं नाही. संध्याकाळपर्यंत पूर्ण गोधडी होणार नव्हती, हे तिला कळत होतं. चार घरचे चार तुकडे मिळाले तर दुपट्याएवढं काही होईल, लेकरू टेकवण्यापुरतं. मिळतील का, तेही माहीत नव्हतं. चुकलेलं यानं पुसलं जाईल, असंही तिला वाटत नव्हतं.

तिनं खुंटीवरची पिशवी काढली. त्यात मुकुंदचा नवा कागद आणि कापलेले पांढरे चौकोन ठेवले. ते भीमाबाईंना दाखवायचे होते, आधी, काही मागण्याआधी. मग पदर डोक्यावरून घेतला आणि खाटेपाशी आली.

"आत्याबाई," ती म्हणाली. सकाळच्या घरात तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी मागून येते."

बायजाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. सोमवार आहे, हे त्यांना कळत होतं.

"हाव," त्या म्हणाल्या.

सत्यवतीनं दार हळूच ओढून घेतलं, उंबऱ्याबाहेर चपला घातल्या आणि घसा साफ करत भीमाबाईंच्या घराकडे निघाली.