पुढचा कप्पा

घरटी एक बॅग. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सकाळपासून हेच चाललं होतं. वादळ संध्याकाळी वेळणेश्वरच्या आसपास किनाऱ्याला लागणार, खालच्या वाडीतल्या सगळ्यांनी त्याआधी वर डोंगरमाथ्यावर, सड्यावरच्या शाळेत जायचं, आणि सामान म्हणाल तर घरटी एकच बॅग.

ज्ञानेश्वरीच्या अंगात तर वारंच शिरलं होतं. शाळेतल्या आपत्तीच्या सरावात तिने हातात माइक घेऊन अख्ख्या नववीला रांगेत उभं केलं होतं. त्याआधी हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, ती पोरगी आता ओटीवर कमरेवर हात ठेवून हुकूम सोडत होती. बाबा बोटीवर, कुठल्या तरी लांबच्या समुद्रात. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "बॅग उचलून पळता आलं पाहिजे. बाकी तू बघ, ज्ञाने."

मग काय! पाणी, बॅटरी, चणे-गूळ, एक चादर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड. आणि पुढच्या कप्प्यात, चटकन हाताला लागेल असा, कमळाआत्याचा नवा कोरा पंप. आत्याला दमा होता. हवा बदलली की तिची छाती शिट्टी वाजवायला लागायची. तोंडात धरून ओढायचा तो पंप वेळेवर मिळाला नाही तर काय होईल, हे घरात कुणी उघड बोलत नसे.

"माझा चालू पंप आहे की कनवटीला," आत्या म्हणाली. "त्या कप्प्यात बाळकृष्ण घाल."

"आत्या, देवाला जागा नाहीये."

"मूठभर तर आहे गो तो! एकटा ठेवायचा होय घरात?"

"देव स्वतःचं बघेल. तुझं मला बघायचंय."

"बघा! काल शेंबूड पुसत होते हिचा, आज कलेक्टर झाली," असं पुटपुटत आत्या देव्हाऱ्याकडे वळली. आई फस्सकन हसली. ज्ञानेश्वरीही हसली, चेन ओढली आणि गाय सोडायला मागीलदारी गेली.

शाळेत पोचले तेव्हा वारा खिडक्यांना धडका देत होता. चढण चढून आत्याला धाप लागली होती. तिने कनवटीचा पंप काढला, तोंडात धरून दाबला. फुस्स. पुन्हा दाबला. काहीच नाही. रिकामा.

"घाबरू नको आत्या, माझ्याकडे आहे ना!" ज्ञानेश्वरीने ऐटीत पुढचा कप्पा उघडला. हाताला रुमालाची पुरचुंडी लागली. ती सोडली, तर आत पितळेचा बाळकृष्ण रांगत होता.

ज्ञानेश्वरीने अख्खा कप्पा चाचपला. "आत्या, पंप कुठाय?"

आत्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा आला. "घरी... कोरड्यात..."

"कोरड्यात म्हणजे कुठे?"

पुढे नुसती शिट्टी.

दवाखान्याची गाडी खिंडीत अडकली होती, झाड पडलं होतं. आईने आत्याला मांडीशी टेकवून धरलं होतं, तिला हलता येईना. शेजारचे बाबूकाका उठले. "चल, गाडी काढतो."

"ज्ञाने, नको!" आई ओरडली. मग आत्याच्या ओठांकडे तिची नजर गेली. निळे पडत होते. "जा. लवकर ये."

घराकडे उतरणाऱ्या दगडी पाखाडीच्या तोंडाशी फणसाची फांदी आडवी. बाबूकाका गाडी सोडून धावले, पण ज्ञानेश्वरी तोवर फांदीखालून सरपटत पलीकडे गेलीसुद्धा. घरात शिरली तर वर कौलं दातांसारखी वाजत होती. देव्हाऱ्यात पाहिलं. फडताळात पाहिलं. पापडाचा डबा पालथा केला. नाही, नाही, नाही! पडवीवर एक कौल फुटलं.

"बाहेर ये गो पोरी!" बाबूकाका अंगणातून ओरडले. "छप्पर जातंय!"

कोरड्यात. कोरड्यात. दरसाल पावसाआधी आगोट भरताना आत्या काय करते? कांदे टांगते, सुकट बांधते, आणि काड्यापेट्या... काड्यापेट्या पुरते! ओल लागू नये म्हणून जपायची प्रत्येक वस्तू ती तांदळाच्या पिंपात पुरते!

ज्ञानेश्वरीने झाकण भिरकावलं आणि कोपरापर्यंत हात खुपसला. काड्यापेटी. अजून एक काड्यापेटी. मेणबत्ती. वाकून खांद्यापर्यंत हात घातला, तांदूळ नाकातोंडात गेले, आणि बोटांना पंपाचं गुळगुळीत टोपण लागलं.

ती अंगणात उतरली आणि मागे ओटीवरची कौलं धडाधड खाली आली. तिने वळून पाहिलंच नाही.

शाळेत आत्याचे डोळे अर्धे मिटले होते. आईने तिचं तोंड वर धरलं, ज्ञानेश्वरीने पंप हलवून दाबला. "ओढ, आत्या, ओढ!" एकदा. दुसऱ्यांदा. शिट्टी तशीच. मग ती हळूहळू बारीक झाली, आत्याचे खांदे खाली आले आणि छातीत सबंध श्वास गेला. आई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

बऱ्याच वेळाने आत्याला वाचा फुटली. "मला वाटलं, एक आहे तेवढा पुरेल... आणि तो नवा, भिजेल म्हणून..."

ज्ञानेश्वरीच्या ओठांवर मोठं भाषण आलं होतं. पण तिला आठवलं, बॅगेत चण्यांशेजारी तिने स्वतःचा गाण्यांचा छोटा स्पीकर कोंबला होता. त्याला जागा होती. देवाबद्दल मात्र तिने आत्याचं धड ऐकूनही घेतलं नव्हतं.

तिने स्पीकर बाहेर काढला. मोकळ्या जागेत पुरचुंडी नीट बसवली, आणि पंप पुढच्या कप्प्यात ठेवून आत्याचा हात त्यावर टेकवला.

"हा इथेच राहणार. कबूल?"

"कबूल, कलेक्टरबाई," आत्या म्हणाली. "आता केसांतले तांदूळ तरी झटक."