पैलवानाची ट्रायल

हल्ली उमेदवार फोनवर येतात, हात जोडतात आणि बोट फिरवलं की जातात. आमच्या वेळी ते दुकानात यायचे. मी शिंपी. निवडणूक आली की प्रत्येकाला नवा कोट हवाच असायचा. माप मी घ्यायचो आणि प्रश्न कंपाउंडर विचारायचा. पद्धत त्याचीच. गळ्याभोवती टेप असली की माणूस थापा मारायला जरा कचरतो, असं त्याचं म्हणणं. आम्ही त्याला उमेदवाराची ट्रायल म्हणायचो.

कंपाउंडर म्हणजे माझा माणूस. समोरच्या औषधांच्या दुकानात कामाला होता, आणि माझ्या दुकानामागच्या खोल्यांत आम्ही संसार केला. संसारच म्हणतो मी, कुणाला आवडो न आवडो. सकाळचा चहा तो करायचा, भांडणं मी काढायचो. रविवारी आमच्यासारखी मंडळी यायची, अर्धं शटर ओढून कापडाच्या गठ्ठ्यांवर बसायची, आणि काय हसायचो आम्ही! एकानं तर हसता हसता कुणाच्या तरी लग्नाच्या सुटावर चहा सांडला होता. आता त्यातले निम्मे कुठे आहेत देव जाणे. फार आठवण येते त्यांची.

त्या वर्षी मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात कंपाउंडरच्या छातीत दुखलं आणि त्याला शहराच्या दवाखान्यात नेलं. तिथे आत फक्त रक्ताच्या नाहीतर लग्नाच्या नात्याचा माणूस सोडायचे. म्हणजे मी जिन्याखालच्या बाकावर, आणि ज्यानं वर्षानुवर्षं तोंड दाखवलं नव्हतं तो त्याचा पुतण्या आत. कंपाउंडर त्या खेपेला वाचला, पण दुखणं पुन्हा उलटणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दवाखान्याचे नियम नगरसभा ठरवायची. तेव्हा आमच्या वॉर्डातून कोण निवडून जातो, हा आमच्या घरात जिवाचा प्रश्न होता.

पहिला आला प्राध्यापक. गोड माणूस. आपल्या लोकांना लग्नाचा हक्क? हवाच. मूल दत्तक? का नाही? बाही मापेपर्यंत त्यानं आम्हाला सगळं देऊन टाकलं होतं. मागच्या खोलीच्या पडद्याआड कान लावून बसलेली आमची मंडळी खूश.

मग आला पैलवान. कुस्ती सोडून राजकारणात उतरलेला. छातीला माझी टेप जेमतेम पुरली. लग्नाचं विचारलं तर म्हणाला, ते आपल्याला पटत नाही बुवा, खोटं कशाला बोलू? वर आम्हाला ‘असली माणसं’ म्हणाला. माझं डोकंच फिरलं. हातातली टाचणी त्याच्या खांद्यात खुपसावी असं वाटलं, आणि थोडी खुपसलीही. कंपाउंडरनं मात्र आवाज न चढवता दवाखान्याचं विचारलं.

“आजारी माणूस ज्याला बोलवेल त्याला आत सोडायचं,” पैलवान खांदा चोळत म्हणाला. “ह्यात विचारायचंय काय? मी हात वर करीन.”

“बरं,” कंपाउंडर म्हणाला. “आणि असली माणसं म्हणू नका. ती आम्हीच.”

पैलवान आरशातून आम्हा दोघांकडे बघत राहिला. मग मान खाली घालून, चुकलं, म्हणाला.

रविवारी कंपाउंडर म्हणाला, मत पैलवानाला, आणि दुकानात रणकंदन. पैलवानाला मत म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेणं, असं मंडळींचं ठरलं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. कंपाउंडरनं आम्हाला पोटभर ओरडू दिलं. मग विचारलं, आजवर कुणी काय केलंय ते सांगा. दोघंही आधी एकेकदा निवडून गेलेले. प्राध्यापकाच्या वेळी दवाखान्याचा ठराव आला होता. त्यानं भाषण सुंदर केलं आणि मत द्यायच्या वेळी हळूच बाहेर सटकला. गर्जेल तो पडेल काय! पैलवानाच्या वेळी घरमालकानं एकत्र राहणाऱ्या दोन मुलींचं सामान रस्त्यावर फेकलं, तेव्हा त्यांची ट्रंक स्वतःच्या खांद्यावरून जिना चढवणारा हाच. तेव्हाही तोंडानं काहीतरी वाकडंच बोलला होता म्हणे.

“ट्रंक उचलली म्हणून सगळं माफ?” मी फणकारलो.

“माफ कोण करतंय?” कंपाउंडर म्हणाला. “लग्नाचं मी त्याला दर खेपेला विचारणार. मलाही सगळं हवंय रे. पण पुन्हा छातीत दुखलं ना, तर तू मला आत हवायस.”

मी तिथेच मंडळींसमोर ढसाढसा रडलो. कंपाउंडरनं मला कुणाच्या तरी नव्या अस्तराला नाक पुसू दिलं आणि वर गिऱ्हाइकाला सांगणार नाही असं वचनही दिलं.

पैलवान थोडक्यात निवडून आला. मंडळींपैकी दोघांनी बरेच दिवस अबोला धरला. दवाखान्याचा ठराव पुन्हा आला, त्या दिवशी आम्ही प्रेक्षकांत बसलो होतो. पैलवानानं पहिला हात वर केला, आणि मागचे चुळबुळायला लागल्यावर वळून त्यांच्याकडे असं काही बघितलं की आणखी चार हात वर झाले. ठराव मंजूर झाला. पुढे तो कोटाचं बटण बसवायला आला तेव्हा कंपाउंडरनं लग्नाचं विचारलंच. पैलवान म्हणाला, अजून नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, विचार करतोय. चहा पिऊन दोघं तासभर वाद घालत बसले, आणि मी गिऱ्हाइकं परत पाठवली.

मग एका दुपारी कंपाउंडरला पुन्हा दुखायला लागलं. दवाखान्यात दारावरच्या सिस्टरनं विचारलं, सोबत कोण येणार? त्याला बोलवत नव्हतं. त्यानं माझी बाही पकडली. सिस्टरनं माझं नाव लिहून घेतलं, नातं विचारलं नाही, आणि आम्ही दोघं आत गेलो.

शेवटचे दिवस मी त्याच्या उशाशी होतो. त्याला चमच्यानं पाणी पाजलं, पाय चेपले, आणि एकदा भांडलोही, कारण तो औषध थुंकत होता. कंपाउंडर असून! मग एका सकाळी डॉक्टर आले, त्यांनी त्याची नाडी बघितली आणि खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. मी पडद्याच्या आत होतो.